सल्ला हवा: कथेतलं यान कड्यापाशी अधांतरी थांबवायचं आहे, इंजिन कसलं द्यावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे, आणि एका जागी अडले आहे.

कथा मंगळावर घडते. व्हॅलेस मरिनेरिस ही तिथली महादरी काही ठिकाणी सात किलोमीटर खोल आहे. तिच्या काठावर वस्ती आहे. दरड कोसळून आठ माणसं कड्यावर अडकतात. त्यांना घ्यायला १०० टनांचं, ६० मीटर लांबीचं मालवाहू यान येतं. कड्यापाशी दहा मिनिटं अधांतरी थांबतं, दोर सोडून एकेकाला वर ओढून घेतं. मग पाठलाग होतो, यान वळतं, निसटतं आणि शेवटी कक्षेतल्या स्थानकाला जोडलं जातं.

खर्डा भाच्याला वाचायला दिला. नववीत आहे. तिसऱ्या पानाच्या समासात त्याने पेन्सिलीने लिहिलं, "मावशी, हे खाली का पडत नाही?" मी तिथे 'प्रतिगुरुत्व इंजिन' एवढंच लिहून पुढे गेले होते. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मला कथा अंकाला पाठवायची नाही.

इंजिन काल्पनिक असलं तरी चालेल. पण एकदा नियम ठरला की तो शेवटच्या पानापर्यंत पाळायचा आहे. कोणतं इंजिन निवडू? आणि वळणं, थांबणं, जोडणी हे सगळं त्या इंजिनाने कसं दिसेल?

---

ताम्हण

रानजाई, आधी साध्या रॉकेटचा हिशेब मांडतो, म्हणजे काल्पनिक इंजिनाकडून काय मागायचं ते कळेल.

एका जागी थांबलेलं यान काहीच करत नाहीये असं वाटतं, पण रॉकेटला याहून महाग काम नाही. मंगळ त्या यानाला दर सेकंदाला ३.७१ मीटर प्रति सेकंद इतका वेग खाली देत राहतो. इंजिनाला तेवढाच वेग वर द्यावा लागतो. दहा मिनिटांत हा आकडा २,२०० मीटर प्रति सेकंदाच्या पुढे जातो. रासायनिक इंजिनाच्या झोताचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरा. दहा मिनिटांनंतर १०० टन यान उरायला हवं असेल, तर सुरुवातीला ते १८९ टन असावं लागतं. म्हणजे ८९ टन इंधन जळालं आणि यान होतं तिथेच आहे. पृथ्वीवर हेच करायचं तर ५३८ टनांपासून सुरुवात करावी लागेल, चंद्रावर १३२ टनांपासून.

म्हणून खरी यानं थांबणं होता होईल तो टाळतात. फाल्कन ९ रॉकेटचा परत येणारा पहिला टप्पा जवळजवळ रिकामा असतो. एकच इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा रेटा टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त भरतो. त्यामुळे त्याला अधांतरी थांबताच येत नाही. जमीन लागते त्याच क्षणी वेग शून्य व्हावा, अशा बेताने इंजिन पेटवतात. आपला चांद्रयान-३ चा विक्रम मात्र २३ ऑगस्ट २०२३ ला उतरताना सुमारे १५० मीटरवर थांबला होता, खालची जागा न्याहाळायला. त्याला ते परवडलं कारण चंद्र. १,७५२ किलोच्या लँडरचं तिथलं वजन इंधनासकट सुमारे २,८४० न्यूटन, आणि ८०० न्यूटनची चार इंजिनं मिळून ३,२००. इंधन संपत आलं की वजन आणखी उतरतं. तीच चार इंजिनं पृथ्वीवर लावलीत तर लँडर जागचा हलणार नाही, इथे त्याचं वजन १७,००० न्यूटनच्या वर आहे.

तेव्हा पहिला सल्ला. दहा मिनिटांची दोन मिनिटं करता येतात का बघा.

---

अबोली_वास्को

मी वास्कोची. वडील नौदलात होते आणि दाबोळीच्या तळावर तेव्हा सी हॅरियर होती, २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत. विमान हवेत एका जागी थांबलेलं मी गच्चीवरून पुष्कळदा पाहिलंय. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते, थांबलेलं विमान शांत नसतं. छातीत घुमणारा आवाज, शेपटीमागे थरथरणारी हवा, आणि नाक सतत बारीक बारीक डुलत असतं. वैमानिक एक क्षणही मोकळा नसतो.

हॅरियरची रचना तुमच्या यानाला फार उपयोगी पडेल. इंजिन एकच. त्याचा झोत चार नळ्यांतून बाहेर पडतो आणि त्या नळ्या खाली वळवता येतात. पण नुसत्या त्यावर विमान तोललं जात नाही. पंखांवरून वारा वाहत नसल्यामुळे नेहमीची सुकाणूही निकामी झालेली असतात. म्हणून इंजिनातलीच दाबाखालची हवा काढून नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोकं इथल्या छोट्या झडपांतून सोडतात. वैमानिकाने दांडी हलवली की या झडपा उघडतात. आता बघा, ती हवा इंजिनातूनच आलेली असते. तोल सावरायला जास्त हवा वापरली, की उचलायला तेवढी कमी उरते.

शिवाय वजन जास्त असेल किंवा दिवस तापलेला असेल तर इंजिन थंड ठेवायला पाणी फवारावं लागायचं. ते पाणी साधारण दीड मिनिट पुरायचं. तुमच्या कथेत अशी एखादी टाकी घाला. इंधन संपण्यापेक्षा पाणी संपणं वाचकाला जास्त जवळचं वाटेल.

---

ताम्हण

अबोलीताई, झडपांचा मुद्दा फार मोलाचा. मी तो विसरलोच होतो.

---

खडीसाखर

रानजाई, तुमच्या कथेत दोर आहे हे वाचून आनंद झाला, कारण नासाने मंगळावर हेच केलंय. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडी उतरवताना वर आठ इंजिनांचा सांगाडा होता आणि खाली साडेसात मीटरच्या दोरांवर सुमारे ९०० किलोची गाडी. तो सांगाडासुद्धा स्थिर थांबला नव्हता. सेकंदाला ०.७५ मीटर या वेगाने हळूहळू खाली येत राहिला, चाकं टेकल्यावर दोर तोडले आणि दूर जाऊन पडला.

दोर का, तर इंजिनं जमिनीपासून लांब राहावीत म्हणून. मंगळाच्या मातीवर जवळून झोत सोडला की खड्डा पडतो, खडे उडतात. १९७६ च्या वायकिंग लँडरमध्ये याच काळजीने प्रत्येक इंजिनाला एका मोठ्या नळीऐवजी १८ छोट्या नळ्या दिल्या होत्या, झोत पसरावा म्हणून. तुमच्या कड्यावर आठ माणसं उभी आहेत आणि वर १०० टनांचं रॉकेट. दोर साडेसात मीटरचा असेल तर ती माणसं भाजून निघतील. निदान शंभर मीटरचा द्या, आणि यान माणसांच्या बरोब्बर वर नको, थोडं बाजूला.

---

रानजाई

खूप आभार सगळ्यांचे. दोर वाढवते. पण ८९ टन इंधनाने पोटात गोळा आला. संलयन इंजिन, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा काढणारं, दिलं तर? झोत प्रचंड वेगवान, इंधन चिमूटभर. कथेत हे यान गुरूच्या उपग्रहांपर्यंत जाऊन येतं, त्यामुळे तसंही काहीतरी ताकदवान लागणारच आहे.

---

ताम्हण

इंधन वाचेल, पण तेवढा भार ऊर्जेवर पडेल. आकडे बघा.

१०० टन मंगळावर तोलायला ३,७१,००० न्यूटन रेटा लागतो. इंजिन कुठलंही असो, यात सूट नाही. हा रेटा किती किलो वस्तुमान किती वेगाने मागे फेकून मिळवायचा, एवढंच आपल्या हातात असतं. झोताचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर केलात, तर दर सेकंदाला फक्त ३७० ग्रॅम इंधन लागेल. दहा मिनिटांचं २२३ किलो. ८९ टनांपुढे हे काहीच नाही.

पण झोतातल्या दर किलोची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तेवढ्याच रेट्याला लागणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते. रासायनिक इंजिनाच्या झोताची शक्ती इथे सुमारे ६५० मेगावॅट होती, कोयनेच्या १,९६० मेगावॅटच्या एक तृतीयांश. संलयनाच्या झोताची होते १,८५,००० मेगावॅट. पंच्याण्णव कोयना, आणि त्या सगळ्या कड्यावरच्या आठ माणसांच्या डोक्यावरून एका नळीतून बाहेर पडतायत. नुसत्या प्रकाशाच्या झोतावर यान तोलायचं म्हटलं तर छप्पन्न हजार कोयना लागतील. असं इंजिन वस्तीजवळ पेटवणं म्हणजे वस्ती जाळणं. कक्षेत गेल्यावर, स्थानकापासून शेकडो किलोमीटर लांब ते शोभेल.

उलट्या टोकाला आयन इंजिन, विजेने भारलेले कण मागे फेकणारं. काटकसरीला त्याच्यासारखं दुसरं नाही. नासाचं डॉन यान त्याच्यावरच लघुग्रहपट्ट्यातल्या वेस्टाला २०११ मध्ये आणि सेरेसला २०१५ मध्ये पोचलं. पण त्याचा रेटा ०.०९ न्यूटन. ए-फोर आकाराचे दोन कागद तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढं वजन. त्याने अधांतरी थांबणं शक्य नाही.

सल्ला असा की यानाला दोन इंजिनं द्या. लांबच्या प्रवासाचं वेगळं, जमिनीजवळचं वेगळं.

---

चिंचेचंपान

जमिनीजवळच्या इंजिनासाठी एक कल्पना सुचवतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांना एक प्रश्न नेहमी विचारतो. टेबलावर पुस्तक ठेवलंय, त्याला तोलून धरायला टेबल किती वीज खातं?

शून्य. रॉकेटला थांबायला ऊर्जा लागते कारण त्याच्याजवळ टेकायला काही नाही, त्याला दर क्षणी स्वतःचा आधार फेकून द्यावा लागतो. ज्याला जमिनीला टेकता येतं त्याला थांबणं फुकट आहे. तेव्हा तुमचं काल्पनिक इंजिन 'गुरुत्व रद्द करणारं' नको. 'लांबून जमिनीला रेटणारं' करा, म्हणजे अदृश्य टेबल. गुरुत्व अडवणाऱ्या पडद्याची अडचण अशी की अर्धं चाक त्या पडद्यावर ठेवलं की एक बाजू हलकी, एक जड, आणि चाक कायमचं फुकट फिरत राहील. चौकस वाचक तिथे थांबतो. कशालाही न टेकता रेटा देणाऱ्या इंजिनाचंही तेच. समजा ते दर किलोवॅटला एक न्यूटन देतं. सेकंदाला १,००० मीटरच्या पुढे वेग गेला की खर्चापेक्षा जास्त ऊर्जा त्यातून निघायला लागते.

टेबलाचा नियम घेतलात की बाकीचं सगळं आपोआप ठरत जातं. त्यात तुमची कथा फुलेल असं मला मनापासून वाटतं.

थांबणं फुकट, चढणं विकत. पण स्वस्त. १०० टन मंगळावर एक किलोमीटर उचलायला आदर्श हिशेबाने १०३ युनिट वीज लागते. आमच्या घरी महिन्याला साधारण तेवढंच बिल येतं.

यानाचं वजन नाहीसं झालेलं नाही, ते खालच्या जमिनीवर पडतंय. यानाचा तळ २० मीटर बाय १० मीटर धरला, तर खाली उभ्या माणसाच्या खांद्यांवर पृथ्वीवरच्या एकोणीस किलोच्या पोत्याएवढा भार येईल. यान वर आलं की माणसं वाकतील. कच्च्या छपरावरून गेलं तर पत्रे वाजतील. आणि तुमचा कडा आधीच दरड कोसळलेला आहे.

बाजूला सरकताना काहीच अडवत नाही. पावडर टाकलेल्या कॅरमवर सोंगटी कशी घसरत जाते, तसं. थांबायचं तर उलट्या बाजूने छोटे थ्रस्टर, म्हणजे झोत सोडणारी चिमुकली इंजिनं, मारावे लागतील, आणि त्यांना खरं इंधन लागेल. जमीन उताराची असेल तर टेबलही तिरकं, म्हणजे यान आपोआप उताराकडे घसरणार.

आता तुमचा प्रसंग. अर्धं यान काठाच्या आत, अर्धं दरीवर. आतल्या अर्ध्याखाली टेबल आहे. बाहेरच्या अर्ध्याचं टेबल सात किलोमीटर खाली आहे, आणि या टेबलाचा रेटा अंतराने कमी होतो असं धरू. मग काय होईल?

---

रानजाई

नाक दरीत झुकेल.

सर, हे वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. माझ्या कथेतला सगळा ताण मी पाठलागात शोधत होते, तो या कड्यावरच होता.

---

खडीसाखर

टेबलाची कल्पना सुंदर आहे, पण माझं मत वेगळं. खरं रॉकेट आणि लांब दोर यांवरही प्रसंग उभा राहतो, आणि एकही खोटा नियम लागत नाही. इंधनाचा आकडा खाली खाली जातोय, वर घेतलेला प्रत्येक माणूस आकड्यात दिसतोय. २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग दगडगोट्यांचं मैदान ओलांडून पुढे जात असताना पृथ्वीवरून त्याला उरलेले सेकंद ऐकवत होते. तशी सेकंदांची मोजणी तुमच्या कथेतही येऊ शकेल. निवड तुमची, पण हा पर्याय सहज सोडू नका.

---

घाटवाट

वळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

घाटात एसटी वळते कारण टायर रस्त्याला धरून असतात. विमान वळतं कारण पंख हवेवर रेलतात. मोकळ्या अवकाशात धरायला काही नाही. यानाचं तोंड फिरवलं म्हणून यान तिकडे जात नाही. ते तोंड फिरवून आधीच्याच दिशेने, आडवं, उलटं, कसंही जात राहतं. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने चाललेल्या यानाला काटकोनात वळायचं असेल, तर आधीचा वेग मारायचा आणि नवा मिळवायचा, मिळून सव्वाचार किलोमीटर प्रति सेकंदाचा बदल. पृथ्वीच्या गुरुत्वाएवढा रेटा सतत दिला तरी सात मिनिटं लागतील. पाठलागात 'झर्रकन वळलं' हे शब्द काढून टाका.

आणि रेटा नेहमी इंजिनाकडून नाकाकडे. म्हणजे इंजिन ही खालची बाजू. यानाचे मजले विमानासारखे आडवे नकोत, इमारतीसारखे एकावर एक हवेत. टेबलाच्या इंजिनावर मात्र पोटाकडची बाजू खाली होईल. एकाच यानात दोन 'खाली'. भांडी, बिछाने, शिडी हे सगळं दोन्ही तऱ्हेने वापरता यायला हवं. हा बदल होतो तेव्हाचा एक परिच्छेद जरूर लिहा.

तोंड फिरवण्यालाही वेळ लागतो. हबल दुर्बीण काटकोनात वळायला सुमारे पंधरा मिनिटं घेते, घड्याळाच्या मिनिटकाट्याइतकी सावकाश. तुमचं यान घाईत आहे असं मानू. ६० मीटरचं यान अर्ध्या मिनिटात उलटं फिरवलं, तर नाकातल्या माणसाला वळणाच्या मध्यावर ०.१३ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ०.१३ पट ओढ बसेल, ती चालून जाईल. तेच दहा सेकंदांत फिरवलं तर १.२ जी, आणि तीही नाकाकडे, म्हणजे त्याच्या छताकडे. न बांधलेला माणूस छतावर आदळेल. फिरायला सुरू करायला जेवढं इंधन, थांबायला पुन्हा तेवढंच.

अजून एक. पाठलाग कक्षेत असेल तर पुढच्या यानाकडे तोंड करून जोर लावून ते सापडत नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानाच्या मॅकडिव्हिटने स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा असाच प्रयत्न केला आणि टप्पा हाती लागला नाही. पुढे जोर लावला की कक्षा उंच होते, आणि उंच कक्षेत यान मागे पडतं. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं. तुमच्या नायिकेला हे ठाऊक असेल आणि पाठलाग करणाऱ्याला नसेल, तर तेवढ्यावर ती निसटू शकते.

---

अबोली_वास्को

घाटवाट, दोन 'खाली' वाचून अंगावर काटा आला.

रानजाई, माणसं वर घेतल्यावर यानाचं वस्तुमानकेंद्र सरकेल का? आठ माणसांनी फारसं नाही, पण दोराला लटकलेला भार झुलेल, आणि मालाच्या पेट्या सुटल्या तर सरकेलच. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चं चंद्रावर उतरायचं छोटं यान मागे जड मुख्य यान घेऊन चाललं होतं. तोल भलतीकडेच असल्यामुळे मोहीमप्रमुख लव्हेलला हाताचा अंदाज नव्याने बसवावा लागला. थ्रस्टर तेच, यान तेच, पण दांडी हलवली की वेगळंच काही व्हायचं. तुमच्या नायिकेचा हात असा चुकू द्या.

---

तुळसवृंदावन

जोडणीबद्दल थोडक्यात. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्सचे दोन उपग्रह जोडले गेले. पाच किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३, असे टप्प्याटप्प्याने थांबत. शेवटचा वेग सेकंदाला सुमारे १० मिलिमीटर. गोगलगाय पाहिली असेल तर तो वेग मनात येईल. इथे 'थांबणं' कड्यावरच्यासारखं महाग नाही, कारण दोघेही एकाच कक्षेत बरोबर पडतायत. फक्त स्थानकाकडे थ्रस्टरचा झोत मारायचा नाही. मीर स्थानकाच्या सौरपंखांना धक्का लागू नये म्हणून शटल जवळ जाताना समोरचे थ्रस्टर बंद ठेवून तिरक्या थ्रस्टरनीच वेग मारायचं. इंधन जास्त जायचं, पण स्थानक सुखरूप राहायचं.

आणि बिघाड हवा असेल तर अडकलेला थ्रस्टर. मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ चा एक थ्रस्टर उघडाच राहिला आणि यान सेकंदाला जवळपास एक गिरकी घ्यायला लागलं. आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखलेले थ्रस्टर वापरून ते सावरलं, आणि मग नियमाप्रमाणे मोहीम तिथेच आवरून परतावं लागलं. एवढ्याशा नळीने पूर्ण मोहीम संपवली.

लिहायला बसण्याआधी १९७९ चा 'लूनर लँडर' खेळ तासभर खेळा. काही शोधलं नाही तरी बोटांना कळेल. वेळ असेल तर 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. घाटवाट यांनी कक्षेबद्दल जे लिहिलंय ते त्यात दोन संध्याकाळींत अंगवळणी पडतं.

---

रानजाई

तीन दिवस लिहीत होते. ठरलं ते असं. लांबच्या प्रवासाला संलयन, वस्तीपासून दूरच पेटतं. जमिनीजवळ चिंचेचंपान सरांचं टेबल. नाक, शेपूट आणि दोन्ही कुशींना अबोलीताईंच्या झडपा, साध्या थंड वायूच्या, आणि वायूची टाकी एकच. खडीसाखर, दोर आणि मोजणी तुमची, पण सेकंदांऐवजी मी टाकीतला दाब मोजते आहे. 'झर्रकन' काढला.

एक तुकडा इथे ठेवते:

'सहावा माणूस दोराला लागला तेव्हा टाकीत एकवीस टक्के उरलं होतं. खाली उरलेले दोघं कमरेत वाकून उभे होते, कोणीतरी खांद्यावर बसल्यासारखे. यानाचं नाक पुन्हा दरीकडे कलू लागलं. तिने पुढच्या झडपेवर बोट ठेवलं, दाबलं, आणि लगेच सोडलं. कड्याच्या कडेचा एक दगड हलला. दगडाला कोणी हात लावला नव्हता. यानाचं वजन त्याच्यावर आलं होतं.'

एक शेवटचा प्रश्न. खाली उभ्या माणसांना झडपांचा आवाज येईल का?

---

ताम्हण

दगडाचं वाक्य अजिबात बदलू नका.

आवाज येईल, पण क्षीण. हवा पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि कार्बन डायऑक्साइड बारीक, तीक्ष्ण आवाज लवकर गिळतो. २०२१ पासून मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीच्या मायक्रोफोनने तिथले आवाज टिपलेत. ध्वनीचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास. शंभर मीटरवरच्या झडपेचा फुस्कारा त्यांना अर्ध्या सेकंदाने, आणि शिरस्त्राणातून जेमतेम, ऐकू येईल.

---

अबोली_वास्को

पण दोर हातात असेल ना. झडप उघडली की यान थरथरेल, आणि ती थरथर दोरातून आधी हाताला लागेल. आवाज मागून येईल.

---

रानजाई

सातव्या माणसाला हातमोज्यातून ते जाणवतं, असं लिहिते. भाच्याने नवा खर्डा काल रात्री नेलाय. या वेळी समासात एकच ओळ आहे: "आठव्याला आधी घ्यायला हवं होतं, तो काठाच्या जास्त जवळ उभा आहे."